भिंतीपलीकडचं रडणं

१

दुपारची जेवणं आटोपली की माझं काम ठरलेलं असायचं. नयनला आतल्या खोलीत झोक्यात टाकायचं, पंखा बारीक लावायचा, कवाड उघडंच ठेवायचं आणि अंगणात भाजीच्या ढिगासमोर बसायचं. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पिवळी पानं काढायची, सुतळीने जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्याखाली रचायच्या. पहाटे नयनचे बाबा त्या वर्धेच्या बाजारात नेतात. हिवाळ्यात हा ढीग सरतच नाही. एक संपला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वावरातून दुसरा पाठवतात.

नयन माझी पोरगी. सव्वा वर्षाची. झोक्यात टाकली की तिचा आवाज म्हणून नसायचा. पवनारच्या आमच्या गल्लीत सगळ्या बाया म्हणायच्या, नशीब काढलंस रंजिता, पोरगी लई शहाणी हाय. मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी सांबाराची जुडी बांधत होते. शेजारच्या दारातून गंगाकाकू ओरडली. तिचा पाय मोडला होता, प्लास्टर होतं, म्हणून दिवसभर घरातच. तिची खाट आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. भिंत दोन्ही घरांत एकच.

"वं रंजिता! कान गहाण ठेवले काय वं?"

"काऊन काकू?"

"पोरगी कवाची रडून राह्यली. घे नं तिले!"

"नाई हो, झोपली हाय ते."

"झोपली? टाहो फोडून राह्यली नं बाई. माझा पाय बरा असता तं मीच उचलून आणली असती."

मी कान दिला. पंख्याचा आवाज येत होता. कुठेतरी मोटारपंप चालू होता. बाकी काही नाही. गंगाकाकूचं एकटीचं घर, तिला बोलायला कोणी लागतं, असं मनात म्हणत मी उठले, तिचं मन राखायला म्हणून.

अंगणातून खोली ती किती दूर! हातातली जुडी फेकली तर दारात पडेल. उंबरठ्यावर पाय ठेवला आणि रडणं एकदम अंगावर आलं. उकळत्या पाण्याच्या गंजावरचं झाकण काढल्यावर वाफ तोंडावर येते तसं. नयन झोक्यात पालथी होऊन टाहो फोडत होती. तोंड लालभडक, केस भिजलेले, मधे मधे हुंदके. आत्ताच उठलेल्या पोराला असे हुंदके येत नाहीत. ते फार वेळ रडल्यावर येतात.

"आली व माय, आली," म्हणून मी तिला उचललं. तिचं अंग थरथरत होतं. उशाखालची वाकळ डोळ्यांच्या पाण्याने ओली झाली होती.

२

संध्याकाळी आत्याबाई आल्या. पाय धुतले, मग ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "गंगीची नजर लागली पोरीले."

"त्यांची काऊन?"

"जे रडणं घरच्याइले ऐकू नाई आलं, ते तिले कसं आलं? तिच्या मनातच होतं ते."

दिवेलागणीला त्यांनी खोलीतच नयनची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या, तिच्यावरून ओवाळल्या आणि घमेल्यातल्या निखाऱ्यांवर टाकल्या. आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. नजर नसली तर मिरच्यांचा ठसका बसतो, घरभर खोकला सुटतो. नजर असली तर वाससुद्धा येत नाही.

मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या. धूर वर गेला. मी मुद्दाम वाकून नाक जवळ नेलं. काही नाही. कोमट पाण्याच्या वाफेलासुद्धा काही वास असतो. याला तेवढाही नव्हता.

"मिरच्या सादळल्या असतीन," नयनचे बाबा बाहेरून म्हणाले. ते अंगणात खाटेवर बसले होते.

"सादळतीन कशा? भिवापुरी हाय, नवी," आत्याबाई म्हणाल्या. "नजर जबर हाय, किशोर. उद्यापासून गंगीच्या घरी जाणं बंद. पोरीले तर तिच्यासमोर न्यायचंच नाई."

मी घमेलं उचललं, चौकात फेकायला निघाले. उंबरठा ओलांडला आणि ठसका थोबाडीत मारल्यासारखा बसला. डोळे झोंबले, नाक झोंबलं. नयनचे बाबा खोकून खोकून खाटेवरून उठले. "अरे बाप्पा! मारतेस काय?"

मी तशीच उंबरठ्यावर उभी राहिले. घमेलं आत धरलं, काही नाही. बाहेर धरलं, ते पुन्हा खोकायला लागले.

"हे काय खेळ चालवला?"

"आत ठसका बसत नाई, पाहा नं तुम्ही."

"पंख्यानं धूर वर जाते."

"पंखा बंद हाय."

"मग खिडकीतून जात असन."

"खिडकी लावलेली हाय."

"रंजिता, तुले वाद घालायचा हाय का पोरगी सांभाळायची हाय?"

आत्याबाई आतून विचारत होत्या, बाहेर एवढं खोकून कोण राह्यलं. त्या निखाऱ्यांच्या धुरात इतका वेळ बसून होत्या आणि त्यांचे डोळे कोरडे होते.

३

माझी नणंद मोनालीताई त्या वेळी घरीच होती. ती पुण्याला पीएच. डी. करते, आकाशातल्या गोष्टींवर. थिसिस लिहायला म्हणून दोन महिने आली होती आणि समोरच्या खोलीत दिवसभर लॅपटॉपपुढे बसायची. पहिल्या आठवड्यात मी तिला विचारलं होतं, ताऱ्यांचा अभ्यास करता अन् रात्री आमच्याआधी झोपता? ती म्हणाली होती, "वहिनी, माझे तारे उपग्रहानं आधीच पाहून ठेवले. मले फक्त डोकं फोडायचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ गेले. शिकलेली आहे, काही तरी नीट सांगेल. तिने ऐकलं आणि हसली. "वहिनी, माझंही हेच दुखणं हाय."

मग तिने सांगितलं. आकाशात लई दूर काही ताऱ्यांसारखे ठिपके आहेत, त्यांना क्वेसार म्हणतात. इतके दूर की काहींचा उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वीही नव्हती. प्रत्येकाच्या मधोमध एक मोठं काळं विवर असतं. ते आजूबाजूचं सगळं ओढतं, गिळतं, आणि काही तर गिळता गिळता दोन्ही बाजूंनी लांब झोत बाहेर फेकतात. मोठमोठ्या अँटेनांना ते रेडिओत लख्ख दिसतात. पण गॅमा नावाचे किरण असतात, सगळ्यांत जोरदार, ते पकडायला वर उपग्रह सोडला आहे. त्याला त्यांच्यातले काही दिसतात आणि काही दिसतच नाहीत.

"सगळ्या एकसारख्या पोरी," मोनालीताई म्हणाली. ती तिच्या क्वेसारांना पोरीच म्हणायची. "एक गॅमात भडकून दिसते, तिच्याच शेजारची एकदम ठार गप्प. काऊन? सर रोज हेच विचारतात. मी म्हणते सर, कारणं हायेत. ते म्हणतात, कोणत्या पोरीले कोणतं कारण ते सांग. तिथंच गाडी अडते."

"कारणं काय पण?"

तिने मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या तोंडावर धरला. डोळे दिपले. मग तो जरासा बाजूला वळवला. "आता?"

"आता झोंबत नाई. दिवा दिसते नुसता."

"झालं. गॅमाचा झोत लई अरुंद असते. रेडिओचा जरा पसरट, तो तिरपा असला तरी आपल्यापर्यंत थोडा पोचते. गॅमाचं तसं नाई. जरासं तोंड फिरलेलं असलं की आपल्यासाठी संपलं. हे एक. दुसरं, ते कधी भडकतात, कधी शांत असतात, आणि आपण नेमकं शांत असताना पाहतो. तिसरं, काहींचा जोर आपल्या यंत्राच्या पट्टीत बसतच नाई, खाली राह्यते. आणि चौथं, निघालेलं तिथल्या तिथंच कोणी गिळून टाकते. आजूबाजूलेच जे असते ते."

"म्हणजे दिसत नाई म्हणून नाई, असं नाई."

"नाई नं! तेच तर."

"ताई, आपल्याकडे तोंड नाई, तं मग कोणाकडे हाय?"

"कोणाकडेच नाई, वहिनी. तिकडं पोकळी हाय."

"तिकडं कोणी उभं असलं तं त्याले दिसन?"

"दिसन नं. दिपून जाईन तो."

"गंगाकाकू त्या बाजूनं हाय," मी म्हटलं. "झोक्याच्या त्या बाजूनं."

तिने टॉर्च बंद केला. "आकाशातलं घरात नसते आणत, वहिनी," ती म्हणाली आणि लॅपटॉपकडे वळली. सातवी शिकलेल्या बाईशी किती बोलणार, असंही तिला वाटलं असेल. पण रागावून नाही बोलली.

४

मग मीच पाहायला लागले. मधे मधे आत जायचं, नयन रडत असली की झोक्याजवळ उभं राहायचं. तिथे रडणं चांगलं कानठळ्या बसतील असं ऐकू यायचं. मग तिच्याकडे तोंड ठेवूनच मागे मागे जायचं. आवाज हळूहळू कमी होत नव्हता. अर्ध्या खोलीपर्यंत तसाच यायचा आणि मग एका जागी कोणी आम्हा दोघींच्या मधे येऊन उभं राहावं तसा बंद. समोर नयनचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांतून पाणी, आणि मला पंख्याचा आवाज. मी एकदा पुढे, एकदा मागे, असं करत बसायचे. ती मधली जागा पहिल्यांदा दाराजवळ होती. नंतर नंतर ती झोक्याकडे सरकायला लागली.

मी नयनच्या बाबांना हाका मारल्या. ते हात धुवून येईपर्यंत ती गप्प व्हायची, हसायचीसुद्धा. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हाही तसंच. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत, वाफ्यातूनच ओरडले, "शांत पोरगी भेटली तं तुले बोचून राह्यली! नत्थूजीच्या सुनेले विचार, रातभर पोरगं खांद्यावर घेऊन फिरते ते."

वर्धेला डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी कानात उजेड टाकून पाहिलं, घसा पाहिला, वजन केलं. सगळं उत्तम. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, आईला झोप पुरेशी मिळते का? नयनचे बाबा हसले. मीही हसले. काय करणार?

सगळ्यांजवळ उत्तर होतं. नजर, सादळलेल्या मिरच्या, वारा, माझी झोप. कोणाला प्रश्न म्हणून नव्हताच. मी कोणाला पटवायला गेले की माझाच आवाज चढायचा, आणि आवाज चढला की तोच माझ्या वेडाचा पुरावा व्हायचा.

आणि नयन अजून आई म्हणत नव्हती. बाबा म्हणायची, कुत्र्याला भू म्हणायची, आत्याबाईंना आज्जी म्हणायला लागली होती. "आई म्हण, आई," असं आत्याबाई तिला मांडीवर घेऊन शिकवायच्या, ती माझ्याकडे टकामका पाहायची. मला तेवढंच पाहिजे होतं. तिने हाक मारावी आणि ती मला ऐकू यावी. आईला याच्याहून काय लागतं? ती एखाद्या दिवशी झोक्यातून पडेल, घशात काही अडकेल, मला हाक मारेल आणि मी बाहेर मेथी निवडत बसलेली असेन, हे माझ्या डोक्यातून जायचं नाही.

झोका दुसरीकडे बांधा म्हटलं, तर कडी त्याच खोलीत. तिला सैपाकघरात जवळ घेऊन बसले, तर पोळी तव्यावर उलटेपर्यंत ती रांगत त्या खोलीत. खोलीला कडी लावली, तर तिथेच भाजीची पोती ठेवलेली, कोणी ना कोणी उघडायचंच. मी तिच्या मागे जायचे तेव्हा ती भिंतीजवळ बसलेली असायची, माझ्याकडे पाठ करून.

"आर्वीले जाऊ द्या मले, आईकडे," मी नयनच्या बाबांना म्हटलं.

"भाजीचा एवढा सिझन हाय. संक्रांत होऊ दे, मग जाजो."

५

मोनालीताईला एक दिवस माझी दया आली असेल. म्हणाली, "वहिनी, तुमचं समाधान करून टाकू. मी माझा फोन खोलीत ठेवते, रेकॉर्डिंग लावून. नयन झोपली की कोणी आत जायचं नाई. मी स्वतः दारात खुर्ची टाकून बसते. मग ऐकू, रडते का नाई ते."

काही दुपारी तिने तसं केलं. दारात बसून ती जाडं पुस्तक वाचायची. मी अंगणात. नयन उठली की ताईच रेकॉर्डिंग बंद करून मला हाक मारायची. रेकॉर्डिंग आम्ही दोघींनी ऐकलं. नुसता पंखा. दुसऱ्या दिवशीचं, पंखा. मला रडू आलं. ताई म्हणाली, "पाहा, झालं नं समाधान?"

माझं तोंड पाहून तिलाच राहवलं नसेल. "थांबा," म्हणाली. "माझ्या गप्प पोरींसोबत मी एक करते. एकेकीकडून काहीच येत नाई असं वाटते नं, मग सगळ्यांचं एकावर एक रचायचं. फालतू खरखर आपसात मिटून जाते. खरंच थोडंसं काही असलं तं ते साचून वर येते. तुमच्या या दुपारीही अशाच रचून पाहू."

संध्याकाळ होत होती. मी तांदूळ निवडत तिच्याजवळच बसले. तिने सगळी रेकॉर्डिंगं एकावर एक ठेवली, पंख्याची घरघर काढून टाकली, कानाला हेडफोन लावला. पहिल्यांदा ती पेन फिरवत ऐकत होती. मग पेन फिरवायचं थांबलं. तिने हेडफोन काढला, दाराकडे पाहिलं, पुन्हा लावला.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "वहिनी, नयनले उचलायले जाता तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? आली व माय, आली. तोंडातच बसलं हाय."

"फोन ठेवला त्या दुपारी, रेकॉर्डिंग चालू असताना, तुम्ही आत गेलता?"

"नाई नं. तुम्हीच तं दारात बसून होत्या."

"हो," ती म्हणाली. "मीच बसून होती."

"काय ऐकू आलं, ताई? रडणं आलं?"

तिने लॅपटॉप मिटला. "मले नीट समजलं नाई. न समजलेलं मी सांगत नसते."

"मले तरी ऐकू द्या."

"नाई. तुम्ही उद्या आर्वीले जा. दादाले मी सांगते."

जेवताना तिने तेवढंच सांगितलं, वहिनीला उद्या माहेरी सोडून दे. आत्याबाई म्हणाल्या, "आता तुलेही लागली काय नजर?" नयनच्या बाबांनी मात्र लगेच मान हलवली. बहीण शिकलेली आहे. मी महिनाभर घसा फोडला तो कोणापर्यंत पोचला नाही. ताईने एक वाक्य म्हटलं आणि माझी बॅग माळ्यावरून खाली आली.

६

दुसऱ्या दिवशी मोनालीताई पहाटेच यांच्यासोबत वर्धेला गेली. तिलाही आता पुण्याला लवकर परतायचं होतं, तिकीट काढायचं होतं. आत्याबाई वावरात. नयनचे बाबा बाजारातून आले की मला बसवर बसवून देणार होते. बॅग भरून झाली. नयन माझ्या खांद्यावर झोपली.

मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात बसून राहिले असते तर बरं झालं असतं. पण मला वेडी म्हणून माहेरी जायचं नव्हतं. माझ्या पोरीचं रडणं मला एकदा भिंतीच्या त्या बाजूने ऐकायचं होतं. बस, एकदा. मग मला कोणी काही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तिला झोक्यात टाकलं, पंखा लावला आणि गंगाकाकूच्या घरी गेले.

"आलीस?" गंगाकाकू खाटेवरून म्हणाली. "सासूनं सोडलं वाटते! मले वाटलं, मी मेल्यावरच येशीन."

"काकू, रागावू नोका. मले जरा या भिंतीजवळ बसू द्या."

"बस नं. भिंत का माझ्या एकटीची हाय?" तिने पाय सरकवला. "पोरगी कशी हाय? आता चांगली हाय म्हणा. पहिल्यासारखी घंटा घंटा रडत नाई."

"आता रडत नाई?"

"रडते नं. पण आता तू लगेच घेतेस."

मी तिच्याकडे पाहिलं. "मी?"

"मग कोण? रडली का तुझा आवाज येते. आली व माय, आली. मी म्हटलं, चला, माझं बोलणं एवढं तरी रंजितानं मनावर घेतलं."

ताई दारात बसायची त्या दुपारी मी आत जातच नव्हते. मला तर रडणं ऐकूच येत नव्हतं. हे मी तिला सांगणार होते. तेवढ्यात भिंतीतून नयन कुरकुरली.

मी कान भिंतीला लावला. भिंत गार होती. नयन उठली होती. पहिल्यांदा लहानसं कुंई, मग थांबणं, कोणी येतं का याची वाट पाहणं, मग पुन्हा, आणि मग पूर्ण गळा काढून. किती दिवसांनी मी ते पहिल्यापासून ऐकत होते! माझ्या छातीत पान्हा दाटला, पोलकं ओलं झालं. मला हसू यायला लागलं. म्हणजे मी वेडी नव्हते. ती रडत होती आणि मी ऐकत होते.

मी उठणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"आली व माय, आली."

रडणं थांबलं.

गंगाकाकू माझ्याकडे पाहून हसली, पाहा, असंच रोज, असं सांगायला. हसता हसता तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी तिच्यासमोर बसलेली आहे हे तिच्या आत्ता लक्षात आलं होतं.

तो माझा आवाज होता का, मला सांगता येणार नाही. आपला आवाज आपल्याला बाहेरून कुठे माहीत असतो? मला तो जरा म्हातारा वाटला. आणि कोणाला तरी ऐकून ऐकून शिकल्यासारखा.

७

मी पळाले. दोन्ही अंगणं, दार, उंबरठा. खोलीत झोका रिकामा हलत होता. नयन खाली होती, भिंतीजवळ, दुहेरी घडी घातलेल्या वाकळीवर बसलेली. तिला झोक्यातून उतरता येत नाही. वाकळीची घडी मी घातलेली नव्हती. तिच्या डोळ्यांचं पाणी पुसलेलं होतं, काजळ एका बाजूने कानापर्यंत गेलं होतं, मी पदराने पुसते तेव्हा जातं तसं.

ती माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे पाहत होती. तिच्या कपाळावरचे केस हळूहळू मागे जात होते. पंख्याचा वारा त्या बाजूला लागत नाही. केस मागे जायचे, पुन्हा कपाळावर यायचे, पुन्हा मागे. कोणी बोटांनी सारत असल्यासारखे, सावकाश.

मी तिला खसकन उचललं. तिने अंग ताठ केलं, मागे भिंतीकडे हात लांब केले. तिचं तोंड रडायला उघडलं. माझ्या मानेवर तिचा गरम श्वास लागत होता, छाती माझ्या छातीवर हलत होती, आणि काही ऐकू येत नव्हतं. माझ्या कडेवर असून काही ऐकू येत नव्हतं. मी मागे पाहिलं नाही. अंगणात येईपर्यंत थांबले नाही.

अंगणात तिचं रडणं फुटलं. इतक्या जोरात की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली, कुत्रं उठून उभं राहिलं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मी तिला गच्च धरलं आणि रडू दिलं. रड माय, रड, किती रडायचं तेवढं रड. मला वाटलं, सुटलो. बॅग दारात होती. यांची गाडी यायचीच वेळ झाली होती. गंगाकाकू काठी टेकत कशीबशी तिच्या दारापर्यंत आली होती.

"इथं हाय मी, नयन," मी म्हटलं. "इकडं पाह्य. हे पाह्य, मी."

तिने माझ्या हनुवटीला हात लावला आणि माझं तोंड बाजूला सारलं. माझ्या खांद्यावरून तिने घराच्या उघड्या कवाडाकडे पाहिलं आणि हाक मारली. पहिल्यांदाच, स्पष्ट.

"आई."

आतून मला काही ऐकू आलं नाही. गंगाकाकू माझ्या मिटलेल्या ओठांकडे पाहत होती. नयन मान वाकडी करून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता शांत झाली.